'मनोविकलता' : एका संज्ञेचा न्यायव्यवहारातील इतिहास

भारतीय न्याय संहितेचे विधेयक ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्याच्या २२ व्या कलमात एका शब्दप्रयोगाच्या जागी दुसरा आलेला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात 'अनसाउंडनेस ऑफ माइंड' असा प्रयोग होता. मराठी कायदेलेखनात त्यासाठी 'मनोविकलता' हा शब्द रूढ आहे. नव्या विधेयकाने तो काढून तेथे 'मेंटल इलनेस', म्हणजे 'मानसिक आजार', ही आधुनिक वैद्यकाला मान्य असलेली संज्ञा घातली. कलमाचा उर्वरित आशय होता तसाच राहिला. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने या बदलास नोव्हेंबरमध्ये आक्षेप घेतला. १२ डिसेंबर २०२३ रोजी सुधारित विधेयक मांडले गेले, त्यात जुना शब्द परत आला होता. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या संहितेत तोच कायम आहे.

एकशे त्रेसष्ट वर्षांचा जुना, वैद्यकाने केव्हाच टाकून दिलेला शब्द कायद्याने का धरून ठेवावा, असा प्रश्न कोणासही पडेल. विधिज्ञांची स्वाभाविक सनातनी वृत्ती हे त्याचे एक सोपे उत्तर आहे. परंतु या संज्ञेचा इतिहास पाहिला असता ते उत्तर पुरेसे वाटत नाही. व्याधीचे नाव सांगणारी संज्ञा आणि सामर्थ्याचा लोप सांगणारी संज्ञा या दोन भिन्न जातीच्या संज्ञा आहेत. न्यायव्यवहारात त्यांची गल्लत झाली की त्याची किंमत आरोपीस किंवा समाजास मोजावी लागते, हे त्या इतिहासाचे तात्पर्य होय.

१

हा भेद पाश्चात्त्य कायद्याने आपल्याकडे आणला असे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ज्यांनी केलेला व्यवहार सिद्ध होत नाही अशांच्या यादीत मत्त आणि उन्मत्त हे दोघेही आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही अशीच यादी आढळते, आणि दायविभागाच्या प्रकरणात वारसाहक्कास अपात्र ठरणाऱ्यांमध्ये उन्मत्त व जड यांची गणना केलेली आहे. स्मृतिकार या शब्दांची व्याख्या करीत नाहीत. लोकांस ते शब्द समजतात असे गृहीत धरून ते पुढे जातात.

व्याख्येची गरज भासली ती टीकाकारास. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, इसवी सन ११०० च्या सुमारास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके हीच टीका प्रमाण मानली गेली. उन्मत्त शब्दाचा अर्थ सांगताना विज्ञानेश्वर सरळ वैद्यकाकडे वळतो. वात, पित्त, कफ, सन्निपात आणि ग्रहबाधा यांपासून उद्भवणाऱ्या पाच प्रकारच्या उन्मादांनी जो पछाडलेला आहे तो उन्मत्त, असे तो म्हणतो. तीन दोष, त्यांचा सन्निपात आणि बाहेरून येणारे कारण असे उन्मादाचे पाच प्रकार चरकसंहितेत सांगितलेले आहेत. त्याच परंपरेतील वर्गीकरण येथे व्यवहारशास्त्रात आले आहे.

जड शब्दापाशी मात्र त्याची पद्धती पालटते. तेथे कोणत्याही रोगाचे नाव येत नाही. ज्याचे अंतःकरण विकल आहे, म्हणजेच आपले हित कशात आणि अहित कशात हे ठरविण्यास जो असमर्थ आहे, तो जड, असा त्याचा आशय आहे. त्याने योजिलेला 'विकलान्तःकरण' हा शब्द आजच्या 'मनोविकल' या शब्दाचा जणू पूर्वजच होय. 'विकल' म्हणजे ज्याची एखादी कला, एखादा अंश, उणा आहे ते. इंग्रजीतील 'साउंड' या विशेषणाचा उगम प्राचीन इंग्रजीतील निरोगी, धडधाकट अशा अर्थाच्या शब्दात आहे, आणि जर्मन भाषेतील 'गेझुंड' हा त्याचाच सोयरा. मन धड नसणे ही इंग्रजी कल्पना आणि मनाचा अंश उणा असणे ही संस्कृत कल्पना, या दोन्ही आजाराचे नाव न घेता मनाच्या अपुरेपणाकडे बोट दाखवितात. त्यामुळे 'मनोविकलता' हे भाषांतर केवळ सोयीचे नसून अर्थदृष्ट्याही नेमके आहे.

एकाच टीकाकाराने शेजारी शेजारी आलेल्या दोन शब्दांपैकी एकाची व्याख्या निदानाने आणि दुसऱ्याची व्याख्या सामर्थ्याने केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील साऱ्या इतिहासात याच दोन पद्धती आलटून पालटून पुढे येताना दिसतात.

२

इंग्लंडमध्ये सर एडवर्ड कोक यांनी १६०३ च्या बेव्हर्लीच्या खटल्याच्या वृत्तात मनावर ताबा नसलेल्यांचे चार वर्ग सांगितले : जन्मतः जड असलेला, आजाराने अथवा अन्य आघाताने बुद्धी गमावलेला, मधूनमधून शुद्धीवर येणारा वेडा, आणि स्वतःच्या कृतीने बेभान झालेला मद्यपी. या वेड्यास जो लॅटिन शब्द लावलेला आहे तो चंद्रवाचक आहे. चंद्राच्या कलांबरोबर वेड वाढते व ओसरते, ही त्या काळची वैद्यकीय समजूत त्या शब्दात गोठलेली होती. समजूत गेली तरी शब्द मात्र टिकला. भारतातील १९१२ च्या 'ल्युनसी' कायद्यातही तो आढळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्डन यांच्या कारकिर्दीत चॅन्सरी न्यायालयापुढे निराळीच अडचण उभी राहिली. जो जन्मतः जड नाही आणि रूढ अर्थाने वेडाही नाही, तथापि ज्यास स्वतःचा व्यवहार सांभाळणे अशक्य झाले आहे, अशा माणसाच्या मालमत्तेचे रक्षण कसे करावयाचे? 'अनसाउंड माइंड' हा प्रयोग ही फट बुजविण्यास उपयोगी पडला. त्याचा जन्म रुग्णालयात झाला नाही. तो इस्टेटीच्या रक्षणाच्या गरजेतून वाढला. डॉक्टरांना तो खटकणे साहजिक होते. बेथलेम येथील वेड्यांच्या रुग्णालयात पूर्वी काम केलेले जॉन हॅस्लम यांनी १८२३ साली खुद्द लॉर्ड चॅन्सेलरांना उद्देशून या संज्ञेच्या स्वरूपाविषयी व अर्थाविषयी एक पत्रच प्रसिद्ध केले. न्यायालयाने वापरलेल्या शब्दाचा अर्थ वैद्याने न्यायाधीशास विचारावा, हा प्रसंग उद्बोधक आहे. ज्या संज्ञेला लोक वैद्यकीय मानीत होते ती वैद्यकाची नव्हती, एवढे त्यातून उघड झाले.

फौजदारी कायद्यात या प्रश्नाला तीव्र स्वरूप आले ते १८४३ साली. २० जानेवारी रोजी डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान सर रॉबर्ट पील समजून त्यांचे खासगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. पाच दिवसांनी ड्रमंड मरण पावले. टोरी पक्षाचे लोक आपला छळ करीत आहेत, या भ्रमाने मॅक्नॉटन ग्रस्त होता. त्याचे वकील अलेक्झांडर कॉकबर्न यांनी अमेरिकन वैद्य आयझॅक रे यांच्या १८३८ च्या ग्रंथाचा आधार घेतला. वेड हे केवळ बुद्धीला ग्रासत नसून भावना आणि इच्छा यांनाही ग्रासते, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन होते. बचावाच्या वैद्यकीय साक्षीचे खंडन करण्यासाठी फिर्यादी पक्षाने एकही डॉक्टर उभा केला नाही. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी पुराव्याचा रोख कोणीकडे आहे हे ज्यूरीला सूचित केले आणि आरोपी वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला.

या निर्णयाने इंग्लंडात खळबळ उडाली. लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांना पाच प्रश्न विचारले. १९ जून १८४३ रोजी मिळालेली उत्तरे मॅक्नॉटन नियम म्हणून प्रसिद्ध आहेत. मनाच्या रोगामुळे विचारशक्तीत असा दोष उत्पन्न झाला असला पाहिजे की, आरोपीला आपल्या कृत्याचे स्वरूप व गुण कळत नव्हते, अथवा ते कळत असले तरी आपण करीत आहोत ते वाईट आहे हे कळत नव्हते, असा त्यांचा इत्यर्थ आहे. या सूत्राचे दोन भाग पडतात. 'डिसीझ ऑफ द माइंड', म्हणजे 'मनाचा रोग', हा पहिला भाग निदानाचा आहे. 'कळत नव्हते' हा दुसरा भाग सामर्थ्याचा आहे. आरोपीला पूर्वी कधीही न पाहिलेल्या, केवळ खटल्याच्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरला त्याच्या मनःस्थितीविषयी मत विचारता येईल काय, असाही एक प्रश्न होता. कोणत्या घटना खऱ्या मानावयाच्या हे ठरविणे ज्यूरीचे काम असल्याने, घटना वादग्रस्त असताना असा प्रश्न हक्काने विचारता येणार नाही, असे उत्तर न्यायाधीशांनी दिले. वैद्याचे मत साहाय्यक ठरेल, परंतु निर्णय त्याच्या हाती नसेल, ही मर्यादा येथे आखली गेली.

३

भारतासाठी दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने १८३७ साली, म्हणजे मॅक्नॉटन खटल्यापूर्वीच, सादर केला होता. त्यात जडत्व, वेड आणि वातभ्रम अशा तीन अवस्थांची नावे होती. परंतु त्या अवस्थेत आरोपीला काय कळणे बंद व्हावयास पाहिजे, याची कसोटी दिलेली नव्हती. १८६० च्या संहितेत ही यादी नाहीशी झाली. त्याचबरोबर मॅक्नॉटन नियमांतील 'रोग' हा शब्दही संहिताकारांनी घेतला नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जो आपल्या कृत्याचे स्वरूप, अथवा आपण करीत आहोत ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे हे, जाणण्यास असमर्थ असेल त्याचे कृत्य अपराध होत नाही, असा ८४ व्या कलमाचा आशय सिद्ध झाला.

या रचनेत इंग्लिश नियमांपासून दोन सूक्ष्म पण महत्त्वाचे भेद आहेत. रोगाऐवजी विकलता आल्यामुळे जन्मजात जडत्वाचाही समावेश ओढाताण न करता होतो, कारण जन्मजात उणीव हा रोग नव्हे. दुसरे असे की, 'कळत नव्हते' याऐवजी 'कळण्यास असमर्थ' असा प्रयोग झाल्याने कसोटी ज्ञानाच्या अभावाची न राहता सामर्थ्याच्या अभावाची झाली. १८७२ च्या करार कायद्याच्या १२ व्या कलमात हीच पद्धती अधिक स्पष्ट आहे. करार समजून घेऊन आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने निर्णय करण्यास जो समर्थ तो शुद्ध मनाचा, असे ते कलम सांगते. वेड्यांच्या रुग्णालयातील इसमही शुद्धीच्या काळात करार करू शकतो आणि तापात बरळणारा शहाणा माणूस तेवढ्या वेळापुरता करार करू शकत नाही, हे तेथील दृष्टांत विज्ञानेश्वराच्या हिताहिताच्या कसोटीची आठवण करून देतात.

४

निदानाचा शब्द कायद्याच्या सूत्रात ठेवला तर काय होते, याचे दोन प्रयोग अन्यत्र झालेले आहेत. त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध दिसतात, तरी त्यांचे मूळ एकच आहे.

इंग्लंडने 'मनाचा रोग' हा शब्द ठेवला आणि त्याचा अर्थ मात्र न्यायाधीशांनी ठरवावा असे मानले. १९५७ साली रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळे भान हरपलेल्या आरोपीचा खटला न्यायमूर्ती डेव्हलिन यांच्यापुढे आला. कायद्याला मेंदूशी कर्तव्य नसून मनाशी आहे, असे म्हणून त्यांनी त्या शारीरिक विकारासही मनाचा रोग ठरविले. १९८३ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने अपस्माराचा झटका याच सदरात घातला. मधुमेहाच्या बाबतीत तर विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. इन्शुलिन घेतल्यामुळे साखर उतरून भान गेले, तर कारण बाह्य आहे म्हणून तो वेड नव्हे, असे १९७३ साली ठरले. इन्शुलिन न घेतल्यामुळे साखर चढून भान गेले, तर कारण रोगातच आहे म्हणून ते कायद्याच्या दृष्टीने वेड होय, असे १९८९ साली ठरले. कोणताही वैद्य मधुमेह्याला वेडा म्हणणार नाही. शब्द वैद्यकाचा आणि अर्थ न्यायालयाचा, अशी फारकत झाली की असा परिणाम होतो. वेडाचा शिक्का टाळण्यासाठी आरोपींनी त्याऐवजी गुन्हाच कबूल केल्याचीही उदाहरणे आहेत.

वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने उलट मार्ग धरला. १९५४ साली न्यायमूर्ती डेव्हिड बेझलॉन यांनी डरहॅम खटल्यात असा नियम घातला की, कृत्य मानसिक रोगाचे किंवा मानसिक दोषाचे फलित असेल तर आरोपी जबाबदार नाही. एकोणिसाव्या शतकात न्यू हॅम्पशायर राज्यात आयझॅक रे यांच्या प्रभावाखाली असाच नियम स्वीकारला गेला होता. विज्ञानाला न्यायालयात पूर्ण वाव मिळावा, हा बेझलॉन यांचा हेतू प्रशंसनीय होता. परंतु मानसिक रोग म्हणजे काय हे सांगण्याचे काम आता सर्वस्वी डॉक्टरांकडे गेले. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा प्रत्यय आला. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हा मानसिक रोग नव्हे, अशी साक्ष सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयाच्या एका मनोविकारतज्ज्ञाने एका शुक्रवारी दिली. सोमवारी न्यायालयास कळविण्यात आले की, रुग्णालयाच्या धोरणानुसार आता तो रोग मानला जातो. दरम्यान आरोपीच्या मनात काही पालटले नव्हते. पालटली होती ती रुग्णालयातील वर्गवारी. अखेर १९६२ साली त्याच न्यायालयास मानसिक रोगाची स्वतःची, कायद्यापुरती, व्याख्या करावी लागली आणि १९७२ साली डरहॅम नियम सोडून देण्यात आला.

एका ठिकाणी वैद्यकाचा शब्द वैद्यकापासून तुटला, दुसऱ्या ठिकाणी कायदा वैद्यकाच्या स्वाधीन झाला. दोन्हीकडे मूळ एकच : जे काम सामर्थ्याच्या कसोटीचे ते निदानाच्या संज्ञेवर लादले गेले.

५

भारतीय न्यायालयांनी 'मनोविकलता' या शब्दाची व्याख्या संहितेत नाही, हे वारंवार नमूद केले आहे. वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड यांत भेद आहे, प्रत्येक मनोरुग्णास ८४ व्या कलमाचे संरक्षण आपोआप मिळत नाही, आणि निर्णायक क्षण कृत्याचा आहे, ही तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत सांगितली आहेत. १९६४ च्या गुजरातमधील एका प्रकरणात पुराव्याचा भार किती, हेही स्पष्ट झाले. आरोपीने आपली मनोविकलता निःसंशय सिद्ध केली पाहिजे असे नाही. संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूस झुकविले तरी पुरे.

याचा अर्थ वैद्यकीय पुरावा गौण ठरतो असा करणे चुकीचे होईल. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेले २००२ चे एक प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका पोलीस शिपायाने १९९४ साली आपल्या पत्नीची हत्या केली. त्यास संशयग्रस्त स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वीच झालेले होते. न्यायालयाने केवळ त्या नावावर निर्णय केला नाही. वडिलांचा मानसिक आजार, घटनेपूर्वी चालू असलेले उपचार, घटनेनंतरच्या काही महिन्यांत पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागणे, हेतूचा दुबळेपणा, आणि दिवसाढवळ्या कृत्य करूनही लपण्याचा वा पळण्याचा प्रयत्न न करणे, या सर्व गोष्टी एकत्र मांडून त्या क्षणी आरोपी असमर्थ होता असा निष्कर्ष काढला आणि त्यास कलमाचा लाभ दिला. निदान हा येथे पुराव्याच्या साखळीतील एक दुवा होता. तो निकाल नव्हता. वैज्ञानिक संज्ञेची न्यायालयातील प्रस्तुतता याहून चांगल्या रीतीने क्वचितच दाखविता येईल.

दरम्यान उपचारविषयक कायद्यांची भाषा निराळ्या दिशेने बदलत गेली. १९१२ च्या कायद्यात 'ल्युनॅटिक' या शब्दाची व्याख्याच 'जड किंवा मनोविकल व्यक्ती' अशी होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा शब्द टाकून मानसिक विकारामुळे ज्यास उपचारांची गरज आहे अशी 'मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती' आणली आणि बौद्धिक मंदत्व तिच्यातून वगळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने 'मानसिक आजार' या संज्ञेत विचार, भाववृत्ती, संवेदन, दिशाकालभान आणि स्मृती यांचे गंभीर विकार घातले. दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थाही घातल्या. मंदत्व मात्र पुन्हा वगळले. या कायद्याचा हेतू उपचार आणि हक्क हा असल्याने व्याख्येची व्यापकता तेथे गुणच आहे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्यास मानसिक आजार आहे एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्यावाचून, तो मनोविकल आहे असे मानता येणार नाही. म्हणजे विधिमंडळानेच २०१७ साली या दोन संज्ञांमध्ये एक भिंत उभी केली होती. २०२३ च्या पहिल्या विधेयकाने ती नकळत पाडली.

स्थायी समितीचा आक्षेप मुख्यतः अतिव्याप्तीचा होता. मनःस्थितीतील चढउतार आणि स्वेच्छेने केलेली नशा हीसुद्धा 'मानसिक आजारा'त येतील, अशी तिला भीती वाटली. हा आक्षेप अंशतःच खरा आहे, कारण कलमाच्या उत्तरार्धातील असमर्थतेची कसोटी कायम होती आणि तिने अशी बहुतेक प्रकरणे गाळलीच असती. नशेसाठी स्वतंत्र कलमेही आहेत. याहून गंभीर दोष अव्याप्तीचा होता. २०१७ ची व्याख्या मंदत्वास वगळते. ती दंडविधानात वाचली गेली असती, तर ज्याच्या बुद्धीची वाढच खुंटलेली आहे असा आरोपी, कोकपासून मेकॉलेपर्यंत प्रत्येकाने ज्यास पहिले स्थान दिले होते तो, संरक्षणाबाहेर पडला असता. मागाहून उद्भवलेल्या विकारास क्षमा आणि जन्मजात असमर्थतेस शिक्षा, असा न्याय कोणाच्याही मनात नव्हता. तो एका शब्दाच्या पोटातून आला असता.

६

यावरून जुना शब्द निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. 'विकल' या शब्दाच्या मागे अपात्रतेचा मोठा इतिहास आहे. मिताक्षरेतील जड आणि उन्मत्त हे वारसाहक्कास मुकत. १९२८ च्या कायद्याने हिंदूंच्या वारसाहक्कातील बहुतेक शारीरिक अपात्रता दूर केल्या तरी जन्मतः वेडा वा जड असलेल्यास वगळलेच होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष वा व्यंग या कारणावरून कोणी अपात्र ठरणार नाही असे जाहीर केल्यावरच हा अध्याय संपला. संपूर्ण माणसाला चिकटणारे विशेषण म्हणून हा शब्द वापरला की तो अन्यायाचे साधन बनतो. दंडविधानातील सूत्र टिकून राहिले ते त्या विशेषणामुळे नव्हे, तर त्याच्या भोवती असलेल्या दोन बंधनांमुळे : कृत्याची वेळ, आणि कोणती गोष्ट जाणण्याचे सामर्थ्य नव्हते याचा उल्लेख. वेळ आणि विषय यांनी सीमित झालेली विकलता ही माणसाची ओळख राहत नाही. ती एका क्षणाविषयीचे विधान होते.

म्हणून उद्या हा शब्द बदलावयाचा झाल्यास त्याच्या जागी निदानपुस्तकातील नवे नाव आणून भागणार नाही. वैद्यकाने आपल्या संज्ञा ज्ञानाबरोबर बदलत राहाव्यात, हे त्या शास्त्राच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. कायद्याच्या संज्ञेने मात्र त्या क्षणी त्या माणसाला काय कळू शकत होते, हाच प्रश्न विचारावयाचा असतो. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर विज्ञानेश्वराने उन्मत्ताचे पाच प्रकार वैद्यकातून घेतले, पण जडापाशी येताच हिताहिताचा प्रश्न विचारला. ते पाच प्रकार आज कोणत्याही न्यायालयात उपयोगाचे नाहीत. तो प्रश्न मात्र २२ व्या कलमाखाली चालणाऱ्या प्रत्येक खटल्यात नव्या शब्दांत विचारला जातो.